साहेब आले की उठायचं

मामांनी नोकरीत नेमकं काय केलं असं कुणी विचारलं, तर एका शब्दात सांगता येतं. उठले. छत्तीस वर्षं उठले. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर भिंतीलगत एक लाकडी स्टूल होतं, त्यावरून. साहेब आले की उठायचं, निघाले की उठायचं, त्यांच्याकडे कुणी पाहुणा आला की उठायचं, आणि आतून घंटी वाजली की मग तर उठायचंच. मधल्या वेळात बसायची मुभा होती. पण ते बसणं कसं, तर उठायला सोपं जाईल असं. टेकायचं नाही, पाय पसरायचे नाहीत, चपला काढायच्या नाहीत. अकरा साहेब आले नि गेले. काही बरे होते, काही असेतसेच. एकाचा तर मामा उल्लेखही धड करत नसत. नुसतं "तो सातवा" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

घंटीवरून त्यांना सगळं कळायचं. एक छोटी वाजली की पाणी. एक लांब वाजली की हेडक्लार्कला बोलाव. दोन वाजल्या की समोर बसलेला माणूस हलत नाहीये, त्याला उठवायला ये. हे काम नाजूक. मामा दार अर्धं उघडायचे, थोडं वाकायचे आणि म्हणायचे, "साहेब, गाडी लागली आहे." गाडीबिडी काही लागलेली नसायची. पण साहेब लगबगीनं उठायचे, मग समोरच्यालाही उठणं भाग पडायचं, आणि मामा दार धरून उभे! सापही मेला, काठीही शाबूत.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं त्यांचा सत्कार केला. हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि मधल्या खुर्चीत बसवलं. तिथेच घोटाळा झाला. साहेब बोलायला उठले, की मामाही उठायचे. साहेब पाणी प्यायला थांबले, मामा उभेच. लोकांनी चार वेळा खांदे दाबून त्यांना खाली बसवलं. फोटोत ते बसलेलेही नाहीत आणि उभेही नाहीत, मधेच कुठेतरी आहेत.

असे हे मामा त्र्याहत्तराव्या वर्षी बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. ऑपरेशन झालं, आत सळई घातली, आणि इस्पितळानं त्यांना अशा एका केंद्रात पाठवलं जिथे मोडलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवतात. लांबट खोली, सहा खाटा, निळे पडदे. प्रत्येक खाटेपासून दारापर्यंत फरशीवर पिवळी पट्टी रंगवलेली, तिच्यावरून वॉकर घेऊन चालायचं. केंद्राचा नियम साधा होता. मुदत सहा आठवडे. तेवढ्यात वॉकर धरून दारापर्यंत जाऊन परत आलात, तर घरी. नाही आलात, तर दुसऱ्या गावी कायमच्या अंथरुणावरच्यांसाठी एक संस्था आहे, तिकडे रवानगी. बसनं पाच तास.

मामांच्या घरी दोघंच. मूलबाळ नव्हतं. घर पहिल्या मजल्यावर, चौदा पायऱ्या, आणि मामींचे गुडघे सत्तर वर्षं वापरलेले. त्या मामांना उचलणार कशा? म्हणजे गोष्ट सरळ होती. चालले तर उरलेले दिवस मामींजवळ. नाही चालले, तर महिन्यातून एकदा मामी पाच तास बसमध्ये बसून येणार, घटकाभर खाटेजवळ बसणार आणि परत जाणार. तेही गुडघ्यांची मर्जी असेल तर.

तीन आठवडे झाले, मामा उठले नाहीत.

व्यायामवाल्या बाई रोज सकाळी खाटेशी येऊन उभ्या राहायच्या. आडव्या हाडाची बाई, तोंड फटकळ, पण कामाला चोख. "मामा, उठा." "दुखतंय." "एकच पाऊल." "उद्या बघू." "उद्याचं काल पण म्हणाला होतात." यावर मामा डोळे मिटून घ्यायचे. पालथ्या घड्यावर पाणी! त्यांच्या वॉकरवर आता टॉवेल वाळत घातलेला असायचा.

खरं सांगायचं तर दुखणं केव्हाच कमी झालं होतं. मामा घाबरले होते. बाथरूमच्या फरशीवर पाऊण तास पडून असताना छताकडे बघत त्यांनी जी काही भीती खाल्ली, ती उतरलीच नव्हती. आणि दुसरंही एक होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांना उठण्याचाच कंटाळा आला होता. पुरे झालं की आता! जन्मभर कुणी ना कुणी "उठा" म्हणतंय, आणि आपण उठतोय.

अशात एका बुधवारी दुपारी ती पोरगी आली.

दहा वर्षांची, दोन वेण्या, एक घट्ट आणि एक सैल. तिच्याबरोबर एक थोराड पिवळसर कुत्रा, लोंबते कान, लोंबते गाल. तिची आत्या जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती, कुत्रा खरा तिचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटायला जाणारा, भुंकत नाही, चाटत सुटत नाही, अंगावर येत नाही असा शिकवलेला कुत्रा. थेरपी डॉग म्हणतात तसा. त्यानं तशी परीक्षा दिली होती आणि त्याच्या गळ्यात फोटोचं कार्ड होतं. पोरीच्याही गळ्यात कार्ड होतं. फरक एवढाच की फोटोत कुत्र्याचे डोळे उघडे होते आणि पोरीचे मिटलेले.

कुत्र्याचं नाव साहेब. तीनदा हाक मारल्याशिवाय उठायचा नाही आणि घरातली सगळ्यात चांगली खुर्ची सोडायचा नाही, म्हणून पडलेलं नाव.

आत्या खाली ऑफिसात नोंद करायला थांबली होती. पोरगी पुढे आली, दार ढकललं आणि घरच्या सवयीनं मोठ्यांदा म्हणाली, "साहेब आले!"

मामा जेवून डुलकी काढत होते. दोन शब्द कानांवर पडले मात्र, पांघरूण बाजूला झालं, पाय खाली आले आणि मामा ताठ उभे! डावा हात मांडीला चिकटलेला, उजवा कपाळाशी. वॉकर नाही, आधार नाही, काही नाही. डोळे अजून नीट उघडलेही नव्हते.

मग उघडले. समोर पिवळा कुत्रा. तो मामांकडे बघत होता आणि मामा त्याला सलाम करत होते.

शेजारच्या खाटेवरचे टेलरमास्तर असे हसले, असे हसले, की त्यांना कवळी काढून हातात घ्यावी लागली. इतकं होऊनही मामा उभेच होते. पण व्यायामवाल्या बाई धावत आल्या आणि ओरडल्या, "अहो मामा, तुम्ही उभे आहात!" तसे मामा भानावर आले आणि धप्पकन खाटेवर बसले. कुणी बोललं नसतं तर आणखी किती वेळ उभे राहिले असते, देव जाणे.

"आजोबा, तुम्ही ओळखता साहेबांना?" पोरीनं विचारलं. ती अगदी मनापासून विचारत होती.

मामांनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी जेवले नाहीत. जित्याची खोड म्हणतात, ती अशी चारचौघांत उघडी पडली होती. इतके दिवस ज्या पायांना हलता येत नाही म्हणून सांगितलं, त्याच पायांनी तोंडघशी पाडलं होतं. त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. कुत्र्याचा नाही, पोरीचा नाही. स्वतःचाच.

व्यायामवाल्या बाईंना मात्र घबाड सापडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी व्हरांड्यातूनच आवाज दिला, "साहेब आले!"

"येऊ देत," आतून मामा म्हणाले. "म्हणावं, बसा."

शुक्रवारी कुत्रा पुन्हा आला. या वेळी पोरगी दारातच थबकली. तिला आत्यानं दम दिला असावा. "आजोबा, येऊ का?" तिनं हळूच विचारलं. मामांनी मान हलवली. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली. पाठीमागे दोन उश्या घेतल्या, टेकले, पाय लांब केले आणि पायावर पाय टाकला. साहेब समोर, आणि आपण असे पसरलेले! छत्तीस वर्षांत ही चैन कधी झाली नव्हती. साहेबांनी जांभई दिली, मामांनीही दिली.

"काय रे साहेब," मामा म्हणाले, "बरं चाललंय ना?" तो 'रे' त्यांनी जिभेवर चांगला घोळवला.

टेलरमास्तर म्हणाले, "मामा, आज नाही उठलात ते?"

"मी माझ्या मर्जीचा मालक आहे," मामा म्हणाले.

म्हणजे कुत्र्यामुळे मामा चालू लागतील ही आशा संपलीच. उलट साहेब आले की मामा आणखी ऐसपैस बसायचे. बाईंनी कपाळावर हात मारला.

पण मामांना एक गोष्ट सहन होईना. ती पोरगी कुत्र्याला ओढायची. पट्टा ताणून पुढे आपण, मागे साहेब. पुढच्या बुधवारी मामांना राहवलं नाही.

"ए पोरी. साहेबांना असं फरफटत आणतात का? लोक काय म्हणतील?"

"मग कसं आणायचं?"

"त्यांच्या पुढे चालायचं नाही. अर्धं पाऊल मागे राहायचं. दार मात्र त्यांच्या आधी उघडायचं."

"मागे राहून आधी कसं उघडायचं?"

"तीच तर हुशारी," मामा म्हणाले, आणि खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी हातांनी दाखवलं. आधी दोन पावलं झपझप, दार उघडायचं, बाजूला सरकायचं, साहेब आत गेले की मागून आत. पोरीनं सहा वेळा करून बघितलं. सहाव्यांदा मामा म्हणाले, "हं. आता जमतंय."

हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, पण पोरगी मन लावून ऐकायची. साहेबांना कुणी भेटायला आलं आणि ते झोपलेले असले, तर "झोपलेत" म्हणायचं नाही. "मीटिंगमध्ये आहेत" म्हणायचं. साहेब रागावले असले तर दार उघडताना किंचित वाजवायचं, म्हणजे आत जाणाऱ्याला कळतं. भेटायला येणाऱ्यानं चिठ्ठी द्यायची, चिठ्ठीवर नाव आणि काम. पोरीला हे चिठ्ठीचं फार आवडलं. शुक्रवारी आल्या आल्या तिनं वहीची पानं फाडून समोरच्या बायकांच्या खोलीत वाटली सुद्धा. मामांकडे सात चिठ्ठ्या आल्या. एका आजींनी लिहिलं होतं, "दोन मिनिटं भेट हवी. काम खासगी आहे." मामांनी चष्मा लावून चिठ्ठ्या लावल्या, कुणाला आधी, कुणाला मग. खासगी कामवालीला पहिला नंबर दिला. अशा कामात माणूस ताटकळलं की त्याचा धीर सुटतो, एवढं त्यांना ठाऊक होतं.

त्या रविवारी मामी आल्या. दर रविवारी यायच्या. धुतलेले कपडे पिशवीतून काढायच्या, मळके घालायच्या, खुर्चीत बसून पायावरून हात फिरवायच्या आणि बिल्डिंगमधल्या बातम्या सांगायच्या. टेलरमास्तरांनी सलामाची गोष्ट पुन्हा एकदा तिखटमीठ लावून त्यांना सांगितली. मामी हसल्या नाहीत.

"उठणारच ते," म्हणाल्या. "साहेब म्हटल्यावर चितेवरून उठतील."

मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची एक फाइल काढली. "ऑफिसात हा फॉर्म दिलाय. तिकडच्या संस्थेचा. पुढच्या रविवारी सही करून द्यायचीय म्हणाले. मुदत संपते ना."

"हं," मामा म्हणाले.

"करू ना?"

"कर."

मामींनी फाइल पुन्हा पिशवीत ठेवली. "खिडकीजवळची खाट मागू या," म्हणाल्या. "तुम्हाला उजेड लागतो."

त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत, "चाला की हो" सुद्धा म्हणाल्या नाहीत. खिडकीचं तेवढं बोलल्या आणि मळके कपडे घेऊन बसस्टॉपकडे गेल्या. मामांना त्या रात्री झोप लागली नाही. पण झोप न लागल्यानं पाय काही चालत नाहीत. सोमवार गेला, मंगळवारही गेला. दोन्ही सकाळी मामा खाटेच्या कडेपर्यंत आले, खाली फरशी बघितली आणि मागे सरकले.

शेवटच्या आठवड्यातला बुधवार उकाड्याचा होता. साहेब दोन खोल्या करून दमले होते. मामांच्या खोलीच्या दारात पोचले, थंडगार फरशी पोटाला लागली, आणि तिथेच, बरोबर उंबऱ्यावर, त्यांनी बैठक मारली. दार अडलं. तेवढ्यात व्हरांड्यातून चहाची ढकलगाडी आली.

"कुत्रं बाजूला घ्या हो!" चहावाल्या बाई ओरडल्या. "चहा निवतोय!"

"साहेब, ऊठ," पोरगी म्हणाली. साहेबांनी एक डोळा उघडून मिटला. "ऊठ ना! ए साहेब!" तिनं पट्टा ओढला, बिस्कीट दाखवलं. ढिम्म! आत्या खाली सही घ्यायला गेली होती. पोरीचा चेहरा बारीक झाला. "तक्रार झाली तर त्याचं कार्ड काढून घेतील," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरायला लागले.

"ओढू नकोस," खाटेवरून मामा म्हणाले. "वाक जरा. हळू आवाजात सांग, साहेब, गाडी लागली आहे."

"साहेब, गाडी लागली आहे!"

"ओरडतेस काय? साहेब बहिरे आहेत का? आणि बाजूला उभी राहा, दारात नाही."

"साहेब... गाडी लागली आहे..."

"आता रडत सांगतेयस. कोण उठेल अशानं?"

"तुम्हीच सांगा ना मग!" पोरगी भडकली. "नुसतं बसून सांगताय!"

आता बघा, छत्तीस वर्षं ज्यानं अकरा साहेबांना खुर्चीतून उठवलं, त्याच्या डोळ्यांदेखत हे काम असं नासतंय. कुठल्याही कसबी माणसाला हे बघवत नाही. शिंप्याला वाकडी शिवण बघवत नाही, तसंच हे. मामांनी हात लांब करून वॉकर ओढला, त्यावरचा टॉवेल काढून खाटेवर टाकला, आणि उठले. कुणी "उठा" म्हटलं नव्हतं. टेलरमास्तर काहीतरी बोलणार होते, पण या वेळी त्यांनाही अक्कल सुचली आणि ते गप्प बसले.

पहिलं पाऊल टाकताना मामांनी वॉकर घट्ट आवळला. दुसऱ्याला घाम फुटला. वॉकर पुढे, पाय पुढे, वॉकर पुढे, पाय पुढे. पिवळी पट्टी पायाखालून मागे जात होती. नजर मात्र दारातल्या साहेबांवर. तोंडात वाक्य तयार होतं, कसं वाकायचं तेही ठरलं होतं.

ते वाक्य बोलायची वेळच आली नाही. मामा दारापासून तीन पावलांवर असताना साहेबांनी मान वर केली. वॉकरकडे बघितलं, मामांकडे बघितलं. मग आधी पुढचे पाय, मग मागचे, असे ते सावकाश उठले, दोन पावलं मागे सरकले आणि भिंतीला लागून उभे राहिले. खाली मान घालून. वाट मोकळी.

मामा जागच्या जागी थांबले.

"उठला!" पोरगी डोळे पुसत म्हणाली. "हां, बरोबर. वॉकर आला की उठून बाजूला व्हायचं, हे त्याला शिकवलंय. परीक्षेत होतं."

"शिकवलेलंच असतं गं," मामा म्हणाले. "मलाही शिकवलेलंच होतं."

"जा ना आजोबा. तुम्ही गेल्याशिवाय तो बसायचा नाही."

मग काय करणार? मामा गेले. साहेब भिंतीशी उभे, आणि मामा त्यांच्यासमोरून दाराबाहेर. चहावाल्या बाईंनी गाडी मागे घेतली. मामांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत एकही साहेब त्यांच्यासाठी उठला नव्हता, आणि त्यांनी कधी तशी अपेक्षाही केली नव्हती. कुणी आपल्यासाठी उठलं की आत काय होतं, हे माहीतच नव्हतं तर अपेक्षा कसली करणार!

व्यायामवाल्या बाई आल्या तेव्हा मामा व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले, चहा पीत. बाईंचं तोंड उघडं ते उघडंच. या वेळी शहाण्यासारख्या त्या ओरडल्या मात्र नाहीत.

"मामींना फोन करू?" एवढंच विचारलं.

"नको. आज चाललो, उद्या पडलो तर? तिला दोनदा कशाला रडवायचं?"

गुरुवारी मामा दारापर्यंत गेले, पण परत येताना मध्येच भीतीनं घेरलं आणि बाईंना खुर्ची आणावी लागली. शुक्रवारी पोरगी आली, साहेब दारात बसवले गेले, आणि मामांसाठी ते चार वेळा उठले. चौथ्यांदा उठताना कुरकुरले. शनिवारी ना पोरगी, ना कुत्रा. मामा एकटेच खाटेपासून दारापर्यंत गेले आणि परत आले. डॉक्टरांनी बघितलं, पाय वाकवून बघितला, म्हणाले, "सोमवारी घरी जा. पायऱ्या बाई शिकवतील."

शनिवारी दुपारी मामा पडून होते. झोप येत नव्हती, म्हणून आपण आयुष्यात कुणाकुणासाठी उठलो ते आठवत बसले. अकरा साहेब. साहेबांच्या बायका. साहेबांचे व्याही, मेहुणे. पाचव्या साहेबांचा कॉलेजात जाणारा मुलगा, मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं, त्याच्यासाठीही उठले होते. रस्त्यात साहेबांची गाडी दिसली तरी हातातलं सामान खाली ठेवून उभे राहायचे. घरी मात्र एकदा बसले की बसले. पाणी हातात. ताट पुढ्यात. दार वाजलं तरी मामींनीच उघडायचं. मामी बाजारातून दोन्ही हातांत ओझं घेऊन चौदा पायऱ्या चढून यायच्या, आणि मामा पेपरमधून डोकं वर करून विचारायचे, "चहा टाकतेस?" वाईट वागायचं म्हणून वागले नव्हते. दिवसभर उठून दमलेला माणूस, घरी कशाला उठेल? असं त्यांना वाटायचं आणि मामींनाही तसंच वाटत असावं. दोघांनी त्यावर कधी भांडणसुद्धा केलं नव्हतं. मामांना फार वाईट वाटलं. त्यांनी कूस बदलली, पण तिकडेही तेच आठवत राहिलं.

रविवारी सकाळी दहापासूनच मामा दाराकडे बघत होते. वॉकर हाताशी घेतला होता. सव्वाअकराला व्हरांड्यात ओळखीची पावलं वाजली, एक नीट पडणारं आणि एक घासत येणारं.

दार उघडलं. मामी आल्या. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात ती प्लास्टिकची फाइल.

मामा उठले. वॉकरला धरून उठले, आणि सरळ उभे राहिले.

मामी दारातच थांबल्या. त्यांनी मामांकडे बघितलं. मग मागे वळून व्हरांड्यात बघितलं. आणि काय केलं, तर पटकन बाजूला झाल्या, भिंतीला टेकल्या, पिशवी पोटाशी आवळून धरली आणि दार मोकळं करून दिलं.

"कोण आलंय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "कुठले साहेब?"

"कुणी नाही," मामा म्हणाले. "तू आलीस."

मामींना खरं वाटेना. त्यांनी पुन्हा एकदा मागे बघितलं. व्हरांडा रिकामा होता. मग त्यांच्या हातातली पिशवी खाली आली, आणि त्या तशाच भिंतीशी उभ्या राहून रडायला लागल्या. मामा पिवळ्या पट्टीवरून एकेक पाऊल टाकत त्यांच्यापर्यंत गेले. फाइल त्यांच्या हातातून काढून घेतली आणि वॉकरच्या दांडीत अडकवली.

"सही करायची नाहीये," ते म्हणाले. "मला घरी यायचंय."

मामींनी डोळे पुसले. मामा अजून उभेच आहेत हे ध्यानात आलं, तशी त्यांनी घाईघाईनं खाटेजवळची खुर्ची ओढून आणली.

"बसा हो आधी," म्हणाल्या. "पाय दुखेल."

"आधी तू बस," मामा म्हणाले, आणि त्या बसेपर्यंत उभे राहिले.